लंडन: बर्मंडसीच्या कमानींतल्या ब्रुअऱ्या, सोबत न पिणारे बाबा. शनिवार कसा आखावा?

मृण्मयी_क्रॉयडन | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

पुण्याहून बाबा आणि धाकटा भाऊ येतायत. टॉवर, म्युझियमं, ग्रीनिच, बाथ हे सगळं ठरलंय. भावाने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितलीय: एक अख्खा शनिवार बर्मंडसी. त्याला बिअर प्यायला आवडते तितकीच समजून घ्यायलाही आवडते. मुंढवा-कोरेगाव पार्कातल्या ब्रूपबमध्ये गेला की टेबलावर बसायच्या आधी काचेपलीकडच्या टाक्या बघत उभा राहतो.

अडचण अशी की बाबा घेत नाहीत. दुसऱ्याने घेण्याला विरोध नाही, पण स्वतः कधीच नाही. आयुष्य मध्य रेल्वेत गेलं, वय सत्तरीपुढे. चालतात छान, पण गुडघ्यांमुळे मध्येमध्ये टेकायला लागतं. भाऊ पक्का शाकाहारी, अंडंही चालत नाही. मी अर्ध्या पाइंटवर खूश असते.

बाबांना घरी ठेवून जायचं नाहीये, आणि त्यांनी कोपऱ्यात ज्यूसचा ग्लास धरून घड्याळाकडे बघत बसावं असंही नकोय. तर कुठून सुरुवात करू, किती ठिकाणं घेऊ, खायचं काय, आणि त्या भागात बाबांना रमवेल असं खरंच काही आहे का?

टेम्सकाठी | सोमवार, रात्री १०:१५

ताई, भाग अगदी बरोबर निवडलाय. आधी नकाशा डोक्यात बसवा. लंडन ब्रिज स्टेशनातून आग्नेयेला रेल्वेचा उंच विटांचा मार्ग जातो. त्याच्या पोटातल्या कमानी म्हणजे ही सगळी ठिकाणं. टॉवर ब्रिजच्या बाजूला ड्रुइड स्ट्रीट आणि मॉल्टबी स्ट्रीट, मग एनिड स्ट्रीट, मग स्पा रोड, आणि पार शेवटी साउथ बर्मंडसी स्टेशनची बाजू. लोक याला 'बिअर माइल' म्हणतात, पण टोकापासून टोकापर्यंत एका मैलापेक्षा बरंच जास्त चालणं होतं. बाबांच्या गुडघ्यांना सगळं करायला लावू नका. ड्रुइड स्ट्रीट ते स्पा रोड एवढाच पट्टा घ्या, रमतगमत पंधरा-वीस मिनिटांचा आहे.

सुरुवात सकाळी अकराच्या सुमारास. दुपारी दोन-अडीचनंतर वाढदिवसाचे आणि लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके येतात, टी-शर्टवर नवऱ्या मुलाचा फोटो छापून. तेव्हा बसायला जागा नाही, बोलायला उसंत नाही. सकाळी काउंटरवरची माणसं मोकळी असतात, विचारलं की भरभरून सांगतात.

ठिकाणं तीन. फार तर चार. आणि पाइंट घेऊच नका. इथे कायद्याने एक तृतीयांश पाइंटचं माप मिळतं, म्हणजे साधारण १९० मिली. भावाने प्रत्येक ठिकाणी तीन वेगळ्या बिअर तृतीयांशात घेतल्या तर एका पाइंटात तीन चवी होतात. ज्याला समजून घ्यायचंय त्याच्यासाठी याहून चांगली पद्धत नाही.

मुख्य थांबा कर्नल नावाची ब्रुअरी. हे चुकवू नका.

सातारी_पाहुणा | सोमवार, रात्री १०:३१

तृतीयांश मापाला +१. आमच्याकडं मित्राला बिअर तिसरा हिस्सा दिली तर मैत्री तुटायची :)

पोर्टरप्रेमी | सोमवार, रात्री ११:०५

टेम्सकाठी यांच्याशी सहमत, फक्त कर्नल का ते सांगतो, कारण त्याशिवाय बर्मंडसी कळत नाही.

एव्हिन ओ'रिअर्डन हा आयरिश माणूस लंडनमध्ये चीजच्या व्यवसायात होता. कामानिमित्त न्यूयॉर्कला गेला आणि तिथे लोक बिअरबद्दल ज्या बारकाईने बोलतात ते त्याने पाहिलं. जितक्या आस्थेने आपण चीजबद्दल बोलतो तितक्याच आस्थेने बिअरबद्दल का नाही, हा विचार घेऊन तो परतला. घरी बिअर करून करून हात बसवला आणि २००९ साली इथल्या एका कमानीत ब्रुअरी सुरू केली. बाटलीला साधा तपकिरी कागद, त्यावर हॉप्सचं (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचं) नाव आणि अल्कोहोलचं प्रमाण. चित्र नाही, घोषवाक्य नाही. २०१२ मध्ये डॉकली रोडच्या मोठ्या कमानींत गेले तेव्हा बिअर बनवायचा जुना संच पार्टिझन नावाच्या नव्या ब्रुअरीला मिळाला. त्याच काळात ब्रू बाय नंबर्स, फोरप्युअर, अ‍ॅन्सपॅक अँड हॉबडे अशी एकेक कमान उजळत गेली. आधी कोणी 'बिअर माइल' आखली नव्हती. एकाने चांगलं काम केलं, शेजारी दुसरा आला, लोक चालत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले.

भावाला दोन गोष्टी घ्यायला सांगा. एक, टेबल बिअर. अल्कोहोल तीन टक्क्यांच्या आसपास आणि तरी हॉप्सचा सुगंध इतका भरलेला की एवढ्या हलक्या बिअरमध्ये हे कसं जमवलं असेल असं वाटतं. दुसरी एक्स्पोर्ट इंडिया पोर्टर, काळी बिअर. तिची गोष्ट नंतर लिहितो, उशीर झालाय.

जुनाजाणता_एसई१६ | मंगळवार, सकाळी ७:५०

मी याच भागात राहतो, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो.

वरच्या प्रतिसादातलं बर्मंडसी आता अर्धंच उरलंय. नकाशावर पंधरा-वीस नावं दिसतात, पण त्यातल्या कितीतरी कमानींत बिअर बनत नाही. ती दुसरीकडच्या ब्रुअऱ्यांची टॅपरूम आहेत, म्हणजे बिअर फक्त ओतून देणारी ठिकाणं. ब्रू बाय नंबर्स एनिड स्ट्रीट सोडून ग्रीनिचला गेलं. फोरप्युअर २०१८ मध्ये लायन या ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतलं. आणि मृण्मयीताई, तुम्ही हसाल, पण अ‍ॅन्सपॅक अँड हॉबडेची बिअर बनते तुमच्या क्रॉयडनमध्ये! ड्रुइड स्ट्रीटला फक्त ओततात.

माझा आक्षेप टॅपरूमला नाही. पण ज्या माणसाला टाक्या बघायच्या आहेत, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) वास घ्यायचाय, त्याला हे आधी माहीत हवं. नाहीतर तो इतक्या लांबून येऊन बारमध्येच बसून परत जाईल. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारा: ही बिअर कुठे बनली?

मृण्मयी_क्रॉयडन | मंगळवार, सकाळी ८:२०

क्रॉयडन!! मी त्या औद्योगिक वसाहतीवरून रोज बसने जाते :D भावाला आत्ताच कळवते.

विदर्भवीर | मंगळवार, सकाळी ९:०२

भाऊ लंडनले येऊन क्रॉयडनमध्येच बसला तर तिकिटाचे पैसे वाचले म्हणायचे.

रूळवेडा | मंगळवार, दुपारी १२:४०

बाबा रेल्वेतले आहेत हे वाचलं आणि राहवलं नाही. ताई, तुमच्या बाबांना घेऊन जायला अख्ख्या लंडनमध्ये याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. ज्या कमानींत बसून तुम्ही बिअर पिणार, त्याच बघण्यासारख्या आहेत.

हा लंडन अँड ग्रीनिच रेल्वेचा मार्ग, लंडनची पहिली प्रवासी रेल्वे. स्पा रोड ते डेप्टफर्ड हा टप्पा ८ फेब्रुवारी १८३६ रोजी सुरू झाला. लंडन ब्रिजपर्यंत गाडी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोचली. म्हणजे काही महिने लंडनचं पहिलं रेल्वे टर्मिनस स्पा रोड होतं, आज जिथे लोक हातात ग्लास घेऊन उभे असतात त्याच्या अगदी शेजारी. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, याच्यानंतर सतरा वर्षांनी.

उंचावरून का नेली? खाली रस्ते, बागा, वस्ती. प्रत्येक रस्त्याला फाटक घालत बसलं असतं तर गाडी चाललीच नसती. म्हणून अभियंते जॉर्ज लँडमन यांनी ८७८ विटांच्या कमानींवरून मार्ग नेला. सुमारे सहा कोटी विटा लागल्या असं सांगतात. कमानी भाड्याने द्यायच्या, काहींत घरं करायची, अशी कंपनीची कल्पना होती. डेप्टफर्डकडे दोन कमानींत घरं करूनही पाहिली. वरून गाड्यांचा आवाज, पावसात छताला ओल, कोण राहणार? मग तिथे तबेले, गोदामं, गॅरेजं आली. बिअरला मात्र तीच जागा मानवली. जाड विटांमुळे आतलं तापमान फारसं चढत-उतरत नाही, उंची भरपूर, आणि गाडी धडधडत गेली तर टाकीतली बिअर तक्रार करत नाही.

स्पा रोडच्या जुन्या स्टेशनचे अवशेष अजून आहेत, बुकिंग ऑफिसची जुनी अक्षरंसुद्धा. बाबांना ते दाखवा. आणि ग्रीनिचला जाल तेव्हा डीएलआर या हलक्या रेल्वेने जाऊ नका. लंडन ब्रिजहून साध्या गाडीने जा, म्हणजे याच कमानींच्या डोक्यावरून जाल. शक्यतो हा प्रवास शनिवारच्या आधी करा. वरून पाहिलेलं मग खालून बघताना त्यांना जी मजा येईल ती वेगळीच.

पोर्टरप्रेमी | मंगळवार, दुपारी १:१०

रूळवेडा, दंडवत घ्या. इतक्या वेळा त्या कमानींखाली बसलोय, आता वर बघेन.

नाशिकचे_नाना | मंगळवार, सायंकाळी ५:३०

मला हा धागा वाचून थोडं खटकलं, स्पष्ट लिहितो. वडील पीत नाहीत, तर त्यांना घेऊन दिवसभर मद्याच्या दुकानांतून फिरायचं हा आग्रह कशाला? भावाला त्याच्या मित्रांबरोबर जाऊ द्यावं. कुटुंबाचा दिवस असा घालवायचा काय? आमच्या नाशिकला वाइन टूर सुरू झाल्या तेव्हाही हेच म्हणालो होतो. चव, सुगंध, कला वगैरे म्हणत म्हणत पिणं घराघरांत मान्य होतं, आणि ज्या घरात एकाला सवय लागते तिथे बायका-पोरं काय भोगतात ते मी जवळून पाहिलंय.

मृण्मयी_क्रॉयडन | मंगळवार, रात्री ९:१५

नानाकाका, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. सवयीने घर कसं पोखरलं जातं हे आमच्याही नात्यात पाहिलंय, म्हणूनच बाबा कधी शिवले नाहीत.

पण भावाचं वेगळं आहे. तो दोन महिने काही घेत नाही आणि मग एक ग्लास घेऊन तासभर बसतो. ज्या गोष्टीत त्याचा जीव आहे ती त्याने बाबांपासून लपवून करावी असं मला वाटत नाही. बाबांनाच विचारलं फोनवर. म्हणाले, "मी येतो की. कारखाना बघायला मला आवडतं."

आरोग्यदक्ष | मंगळवार, रात्री ९:५०

नाना आणि मृण्मयी दोघांनाही सहमत. हिशोब सांगून ठेवते. इथल्या सरकारी सल्ल्यानुसार आठवड्याला १४ युनिटांच्या (युनिट म्हणजे शुद्ध अल्कोहोलचं माप) आत राहावं. ४ टक्क्यांच्या एका पाइंटात २.३ युनिटं जवळपास होतात. ६ टक्क्यांची तृतीयांश घेतली तर १ च्या थोडं वर. 'मैल' पूर्ण करायच्या नादात प्रत्येक कमानीत पाइंट घेणारे लोक एका दुपारीत आठवड्याचा कोटा ओलांडतात. गाडी घेऊन जायचा तर विचारही नको. पाणी भरपूर, पोटात आधी जेवण.

तुपातला_मोदक | बुधवार, सकाळी ६:४५

भाऊ शाकाहारी आहे ना? मग हे कोणीच कसं सांगितलं नाही! इंग्लंडच्या पारंपरिक कास्क एलमध्ये, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरमध्ये, बिअर नितळ करायला आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या फुग्यापासून, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. यीस्टचे कण त्याला चिकटून तळाशी बसतात. ग्लासात ते जवळजवळ उरत नाही, पण जो शाकाहार पाळतो त्याला कळायला तर हवं.

सुदैवाने बर्मंडसीतल्या नव्या ब्रुअऱ्यांपैकी बऱ्याच जणी हे वापरत नाहीत. कर्नलची बिअर गाळलेलीही नसते आणि असं काही घालून नितळही केलेली नसते, म्हणून थोडी धूसर दिसते. तरी प्रत्येक ठिकाणी विचारायचं, "इज इट व्हीगन?" लगेच सांगतात. आणखी एक: हायव्हर नावाची मधाची बिअर करणारी टॅपरूम स्टॅनवर्थ स्ट्रीटला आहे. मध चालत असेल तर छान. दुधाची साखर घातलेल्या मिल्क स्टाउट असतात, त्या आपल्या शाकाहाऱ्यांना चालतील, व्हीगन लोकांना नाही.

टेम्सकाठी | बुधवार, सकाळी ८:१०

मोदक, फार मोलाचा प्रतिसाद. खाण्यातही तीच काळजी. मॉल्टबी स्ट्रीटच्या बाजारात शनिवार-रविवारी खाण्याचे गाडे लागतात, तिथे शाकाहारी काही ना काही मिळतंच. सेंट जॉन बेकरीचे कस्टर्ड भरलेले डोनट प्रसिद्ध आहेत, पण अंडं आहे. चीज घ्याल तर रेनेट (दुधाचं चीज करायचं विरजण) कोणतं ते विचारा, कारण इथली बरीच जुनी चीज वासराच्या रेनेटने विरजतात.

बाबांसाठी: स्पा टर्मिनसला, म्हणजे कर्नलच्या शेजारच्याच कमानींत, मॉनमथ कॉफी आपल्या बिया भाजते आणि शनिवारी तिथे कॉफी मिळते. भाजण्याचा वास आणि माल्टचा वास एकाच गल्लीत.

सातारी_पाहुणा | बुधवार, सकाळी ८:२५

चकना काय असतो तिथं? शेंगदाणं तरी मिळत्यात का?

पोर्टरप्रेमी | बुधवार, सकाळी ८:४०

मिळतात, पण खारे आणि महाग. मी खिशात लसणीच्या चटणीचे शेंगदाणे नेतो. पोर्टरबरोबर एकदा खाऊन बघा, मग बोलू. (आधी विचारून खायचं. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर नसतं, त्यामुळे ना नसते.)

बॉम्बेवाला | बुधवार, दुपारी ३:००

आयपीए (इंडिया पेल एल) आपल्या मुंबईसाठी जन्माला आली हे कोणी लिहिलंच नाही! जहाजात बिअर नासायची म्हणून इंग्रजांनी जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून खास हिंदुस्थानासाठी बिअर शोधून काढली. म्हणजे आजच्या सगळ्या क्राफ्ट बिअरची आजी मुंबईकर आहे.

पोर्टरप्रेमी | बुधवार, रात्री १०:२०

बॉम्बेवाला, ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात. घडलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त रंजक.

कोणी खास शोध लावला नव्हता. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सुटायची त्या ब्लॅकवॉलपासून जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या नफ्यासाठी माल नेत, आणि हॉजसन त्यांना लांबच्या उधारीवर बिअर देई. त्यात एक भरपूर हॉप्सची, मुरवत ठेवायची फिकट एल होती, जी इंग्लंडातही पीत असत. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने पिंपात हिंदकळत ती मुंबई-कलकत्त्याला पोचायची तेव्हा अशी काही मुरलेली असायची की गोऱ्या साहेबांना ती फार आवडली. १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप ब्रुअरीने या धंद्यात उडी घेतली, आणि बर्टनच्या पाण्यात तीच बिअर आणखी चांगली बनली.

आणि ही साहेबांची बिअर. छावणीतला साधा सैनिक पीत होता पोर्टर, काळी, भाजक्या माल्टची. तीही लंडनहूनच यायची, पिंपंच्या पिंपं. कर्नलची एक्स्पोर्ट इंडिया पोर्टर ही त्या काळ्या बिअरच्या जुन्या कृतींवरून केलेली आहे. पुण्याहून आलेल्या माणसाने ती इथे प्यावी असं मला फार वाटतं, कारण खडकीच्या आणि घोरपडीच्या छावण्यांचा आणि टेम्सच्या धक्क्यांचा संबंध त्या ग्लासात आहे.

घरगुती_आंबवण | गुरुवार, सकाळी ७:१५

पाण्याचा विषय निघालाच आहे तर माझा. मी घरी बिअर करतो (इथे स्वतःपुरती करायला परवाना लागत नाही).

लंडनचं पाणी जड, चुन्याच्या दगडांतून आलेलं, अल्कधर्मी. किटलीत पांढरा थर साचतो तो हाच. माल्ट साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात भिजवून त्यातल्या पिष्टाची साखर करतात, तेव्हा मिश्रण थोडं आम्ल असावं लागतं. फिकट माल्ट वापरला तर लंडनच्या पाण्यात ते नीट जमत नाही, चव बोथट आणि तुरट होते. गडद भाजलेला माल्ट स्वतःच आम्ल असतो, तो पाण्याला सावरतो. म्हणून अठराव्या शतकात लंडन पोर्टरचं शहर झालं. बर्टनच्या पाण्यात जिप्समचे सल्फेट, त्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो, म्हणून फिकट एल तिथली. आज बर्मंडसीत कोणी फिकट हॉपी बिअर करतं तेव्हा आधी पाण्यावर काम करावं लागतं.

पुढचं सोपं: हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट सोडायचं. मागच्या घाण्यातलं यीस्ट पुढच्या घाण्याला वापरतात, आपण विरजण राखतो तसं. भावाला सांगा, प्रत्येक ठिकाणी विचार की यीस्ट कोणतं आणि किती वेळा वापरता. जो ब्रुअर यावर पाच मिनिटं बोलतो त्याची बिअर चांगली असते, असा माझा अनुभव.

औंधची_अनु | गुरुवार, सकाळी ९:४०

अवांतर: पुण्याचं कौतुक कोणीतरी करा! डुलालीने २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, म्हणजे कर्नलच्याच वर्षी. जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ त्यांच्याबरोबर होता. मग मुंढव्यात इंडिपेन्डन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट, बंगळुरूचं टॉइट कल्याणीनगरला. आणि मूनशाइन मीडरी, मधापासून मीड करणारी. आमच्याकडे नियम कडक, पिण्याचा परवाना अजून कायद्यात आहे, बिअरला वय २१ आणि कडक दारूला २५. एवढं असूनही हे उभं राहिलं.

जुनाजाणता_एसई१६ | गुरुवार, रात्री ८:००

अनु, मुद्दा आवडला. करांमुळे धंदा कसा उभा राहतो किंवा पडतो याचं इथलं उदाहरण देतो. २००२ साली गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना लहान ब्रुअऱ्यांना करसवलत मिळाली. वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत बिअर करणाऱ्याला निम्माच कर. ती सवलत नसती तर एका कमानीतला धंदा मोठ्या कंपन्यांपुढे तगला नसता. (२०२३ मध्ये पद्धत बदलली, सवलतीचं रूप वेगळं झालं.)

दुसरी बाजू भाड्याची. या कमानी रेल्वेच्या होत्या. २०१९ मध्ये रूळ सांभाळणाऱ्या सरकारी नेटवर्क रेलने देशभरातल्या सुमारे ५,२०० जागा दीर्घ कराराने आर्च कंपनीला दिल्या, १.४६ अब्ज पौंडांना. तिच्यामागे तेव्हा ब्लॅकस्टोन आणि टेलेरियल ट्रिलियम या गुंतवणूकदार कंपन्या होत्या. भाडेवाढीविरुद्ध गॅरेजवाले, बेकरीवाले, ब्रुअर सगळे एकत्र आले. टाक्या ठेवायला जागा लागते, आणि त्याच जागेत टेबलं मांडली तर जास्त पैसे मिळतात. बिअर बनवणारे क्रॉयडनला का गेले याचं उत्तर बरंचसं इथे आहे. मला याचं वाईट वाटतं. हा भाग नेहमी वस्तू बनवणाऱ्यांचा होता. चामडं कमवणारे, हॉप्सचे व्यापारी, टॅनर स्ट्रीटला सारसनचं माल्ट व्हिनेगर, ड्रमंड रोडला पीक फ्रीनची बिस्किटं.

तुपातला_मोदक | गुरुवार, रात्री ८:२०

थांबा, पीक फ्रीन बर्मंडसीचं? म्हणजे बोर्बन बिस्कीट?

जुनाजाणता_एसई१६ | गुरुवार, रात्री ८:३५

हो. बोर्बन १९१० मध्ये इथेच जन्मलं. कारखाना १९८९ पर्यंत चालला, परिसराला बिस्किट टाउन म्हणत. इमारत अजून उभी आहे, आत छोटं संग्रहालयही आहे. उघडं कधी असतं ते आधी विचारून जावं.

विदर्भवीर | गुरुवार, रात्री ८:५०

बस्स. बाबांचा चकना ठरला. कॉफी आणि बोर्बन.

मृण्मयी_क्रॉयडन | शुक्रवार, रात्री ११:३०

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय: गुरुवारी लंडन ब्रिजहून ग्रीनिच गाडीने. शनिवारी अकराला मॉल्टबी स्ट्रीटला पोटभर खाणं, मग ड्रुइड स्ट्रीटला पोर्टर, चालत स्पा रोड, मॉनमथ, कर्नल, जुनं स्टेशन. वेळ उरला तर बिस्किट कारखाना बाहेरून. अडीचला बर्मंडसी ट्यूब पकडून घरी.

रूळवेडा | शुक्रवार, रात्री ११:४५

उत्तम. फोटो टाका, कमानींचे!

मृण्मयी_क्रॉयडन | रविवार (काही आठवड्यांनी), दुपारी ४:१०

वृत्तांत. ठरवलं तसं सगळं झालं नाही, कारण स्पा रोडलाच तीन वाजले.

ड्रुइड स्ट्रीटला भावाने लंडन ब्लॅक घेतली, नायट्रोजनवरची पोर्टर. मऊ, साय धरलेली, ४.४ टक्के. "क्रॉयडनहून आलीय" असं काउंटरवरच्या मुलाने आपणहून सांगितलं आणि आम्ही तिघंही हसलो. मी एक घोट घेतला आणि मग दुसरा ग्लास मागवावा लागला.

बाबा ज्या क्षणी कमानीच्या आत शिरले त्या क्षणापासून त्यांची मान वर होती. विटांचे थर कसे लावलेत, पावसाचं पाणी कुठून काढलंय, नंतर मार्ग रुंद करताना जुन्या कमानीला नवी कुठे जोडलीय, हे सगळं त्यांनी आम्हाला बोटाने दाखवलं. गुरुवारी वरून गेलो होतो म्हणून त्यांना कुठे उभे आहोत ते नेमकं कळत होतं. स्पा रोडच्या जुन्या स्टेशनाशी तर त्यांनी भावाला पंधरा मिनिटं थांबवून धरलं. भाऊही मन लावून ऐकत होता, कारण तोपर्यंत यीस्टवर बाबांनीही त्याचं तितकंच ऐकलं होतं.

कर्नलमध्ये टेबल बिअर आणि एक्स्पोर्ट इंडिया पोर्टर. पोर्टरप्रेमी, तुमची खडकीची गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ग्लास हातात घेतला, उजेडाकडे धरून रंग बघितला, वास घेतला आणि म्हणाले, "भाजक्या चण्यासारखा आहे." प्यायले नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही. लसणीचे शेंगदाणे मात्र त्यांनीच संपवले.

नानाकाका, तुमची आठवण काढली. बाबा म्हणाले त्यांना सांग, कारखाना बघितला.

नाशिकचे_नाना | रविवार, सायंकाळी ६:००

वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पण वडिलांना आनंद झाला हे वाचून बरं वाटलं. स्टेशनाचे फोटो टाकावेत, ही विनंती.

पोर्टरप्रेमी | रविवार, रात्री ८:१५

भाजके चणे! इतकी वर्षं पितोय, मला 'कॉफी' आणि 'कोको' याच्या पलीकडे सुचलं नव्हतं. बाबांना नमस्कार सांगा.

नवखा_लीड्स | सोमवार, सकाळी १०:२०

धागा साठवून ठेवला. मी पुढच्या आठवड्यात मंगळवारी लंडनला आहे, तेव्हा हे करता येईल का?

टेम्सकाठी | सोमवार, सकाळी ११:००

मंगळवारी तितकंसं नाही. मधल्या दिवसांत बऱ्याच कमानी बंद असतात किंवा संध्याकाळीच उघडतात, आणि बाजाराचे गाडे शनिवार-रविवारीच. मुक्काम शुक्रवारपर्यंत वाढवता आला तर शनिवार सकाळ गाठा. नाहीच जमलं तर त्या दिवशी साउथवर्क स्ट्रीटला हॉप एक्सचेंजची १८६७ची इमारत बाहेरून बघा, केंटचे हॉप्स तिथे विकले जात. तिथून टॉवर ब्रिजकडे नदीकाठाने चाला, पुलाशेजारीच करेजची जुनी अँकर ब्रुअरी दिसेल. आता तिथे फ्लॅट आहेत. निघण्याआधी ज्या टॅपरूमला जायचंय तिच्या वेळा बघूनच निघा, कमानींतले भाडेकरू बदलत असतात.